प्रकल्प नोंदी: उडी ओसरलेल्या बास्केटबॉल सेंटरची हंगामपूर्व तयारी

४ जून

गेल्या हंगामातील नऊ सामन्यांचे चित्रीकरण आमच्या प्रशिक्षक सरांसोबत बसून पुन्हा पाहिले आणि आजपासून ही वही सुरू केली. माझे वय ४१, उंची १९८ सेंटीमीटर, आणि क्लबच्या संघात मी अजूनही सेंटर म्हणून, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू म्हणून, पहिल्या पाचांत उतरतो. हंगामाला साडेतीन महिने आहेत. एवढ्या काळात माझी उडी वाढणार नाही हे आम्ही दोघांनी आधीच मान्य केले. तेव्हा उडीच्या आधाराशिवाय सेंटरची कोणकोणती कामे नीट करता येतात ते एकेक करून तपासायचे आणि जे साधेल ते अंगवळणी पाडायचे, असे ठरले.

आपण नेमके काय गमावले आहे, हे आधी मोजणे आवश्यक होते. हात सरळ वर केला की माझी बोटे २६२ सेंटीमीटरपर्यंत जातात आणि रिंग ३०५ सेंटीमीटरवर असते, म्हणजे रिंगला स्पर्श करायला ४३ सेंटीमीटरची उडी लागते. अंग ताजे असताना ती आजही साधते, मात्र त्यासाठी एक पूर्ण पाऊल आणि गुडघ्यांत खोल वाकणे लागते. खरी तूट दुसऱ्या उडीत आहे. चित्रीकरणात एका सेकंदाला ६० चौकटी आहेत. रिंगखाली पहिली उडी मारून जमिनीवर आल्यापासून पाय पुन्हा सुटेपर्यंत मला ३४ चौकटी लागल्या, आणि आमच्याच संघातल्या २२ वर्षांच्या सेंटरला २०. हा फरक जवळजवळ पाव सेकंदाचा आहे. रिंगवरून परतलेला चेंडू एवढ्या अवधीत दुसऱ्याच्या हातात गेलेला असतो.

यामागचे शरीरशास्त्र सरळ आहे. वेगाने आकुंचन पावणारे स्नायुतंतू वयाबरोबर आधी बारीक होत जातात, त्यामुळे एकूण ताकदीच्या आधी स्फोटक जोर ओसरतो. खांद्यावर वजन घेऊन मी पाच वर्षांपूर्वी जितक्या बैठका मारत होतो तितक्याच आजही मारतो. ताकद शाबूत आहे, पण ती बाहेर यायला उशीर लागतो. म्हणून प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारायचा: हा पाव सेकंद आधीच कुठे मिळवता येईल?

११ जून

कोणाचा खेळ पाहायचा, यावर आज संध्याकाळ गेली. उडी ओसरल्यावरही उपयोगी राहिलेले सेंटर पाहायचे होते, म्हणून एनबीए या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक लीगमधली करीम अब्दुल-जब्बार, आर्विदास साबोनिस, टिम डंकन, ब्रूक लोपेझ आणि अल हॉरफर्ड ही पाच नावे निवडली. निकोला योकिच मुद्दाम बाजूला ठेवला आहे. उडी मारल्याशिवाय सामना कसा ताब्यात घ्यावा याचे त्याच्याइतके चांगले उदाहरण आज नाही, परंतु त्याचा खेळ तरुणपणापासूनच उडीवर उभा नव्हता. हातातली गोष्ट निसटल्यावर माणूस काय बदलतो, हे मला पाहायचे आहे.

करीमपासून सुरुवात केली, आणि तीही त्याच्या सर्वांत वाईट दिवसापासून. १९८५ च्या अंतिम मालिकेतील पहिला सामना बोस्टनने करीमच्या लेकर्स संघाविरुद्ध १४८–११४ असा जिंकला, त्यात ३८ वर्षांच्या करीमला १२ गुण आणि अवघे ३ रिबाउंड (चुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू) मिळाले. पुढच्याच सामन्यात त्याने ३० गुण, १७ रिबाउंड आणि ८ असिस्ट (सहकाऱ्याच्या गुणांसाठी दिलेले पास) नोंदवले, लेकर्सने १०९–१०२ असा विजय मिळवला आणि शेवटी मालिकाही जिंकली. अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. दोन सामन्यांमधल्या दिवसांत कोणाची उडी वाढत नाही. बदलली ती जागा घेण्याची घाई आणि परत धावण्याची तयारी. ही गोष्ट मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे.

१९ जून

हुक शॉट. गेले आठ दिवस याच एका गोष्टीवर काढले आणि त्याचे समाधान वाटते.

उजव्या हाताचा हुक घेताना डावा खांदा रिंगकडे असतो, बचावपटू त्याच खांद्यापलीकडे अडकलेला असतो आणि चेंडू शरीराच्या दुसऱ्या कडेला, हात पूर्ण ताणलेल्या अवस्थेत सुटतो. म्हणजे बचावपटूच्या हाताला माझ्या छातीची पूर्ण रुंदी ओलांडून मगच चेंडूपर्यंत पोहोचावे लागते. त्याची उडी माझ्यापेक्षा २० सेंटीमीटरने जास्त असली तरी हे आडवे अंतर तिला भरून काढता येत नाही. करीमचा हुक विसाव्या हंगामापर्यंत टिकला त्याचे मला हेच कारण दिसते: त्या फेकीचे संरक्षण उंचीइतकेच रुंदीनेही होते, आणि रुंदी वयाने कमी होत नाही.

माझी चूक पहिल्या दिवशीच सापडली. वळताना मी चेंडू पोटासमोरून, कमरेच्या उंचीवरून आडवा नेत होतो, आणि मदतीला आलेला गार्ड (रिंगपासून दूर खेळणारा, चेंडू हाताळणारा खेळाडू) तेथेच तो हिसकावून घेत होता. आता पास घेतल्याबरोबर चेंडू हनुवटीखाली, कोपरे बाहेर. तिथून तो उजव्या कानाच्या रेषेत सरळ वर जातो आणि त्या वाटेत एकदाही खाली येत नाही. डावे पाऊल टाकताना टाच आधी टेकते आणि चवडा रिंगला समांतर राहतो. चवडा रिंगकडे वळला की खांदाही वळतो आणि मिळालेली सगळी रुंदी वाया जाते. ही सुधारणा अंगात मुरवण्यासाठी जॉर्ज मायकनच्या नावाने ओळखला जाणारा जुना सराव रोज करतो, म्हणजे रिंगखाली उभे राहून एकदा उजव्या आणि एकदा डाव्या हाताने, चेंडू खांद्याखाली न आणता सलग फेका. डावा हात अजून कच्चा आहे, फेक फळीच्या चौकोनाऐवजी कडेवर आपटते.

२ जुलै

रिबाउंड. येथे मला माझे मत बदलावे लागले, म्हणून सविस्तर लिहितो.

रिबाउंड हा उडीचा विषय आहे अशीच माझी समजूत होती. लोपेझ पाहिल्यावर ती उरली नाही. सुमारे सात फूट उंचीचा हा माणूस कित्येक सामन्यांत चार-पाच रिबाउंडवर थांबतो, आणि तरीही तो मैदानावर असताना संघाला चेंडू मिळतो, कारण फेक हवेत असतानाच तो प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत धोकादायक माणसाला पाठीने अडवून रिंगपासून दूर नेतो. चेंडू मग सहकारी उचलतात.

आम्ही तरुण सेंटरला माझ्याविरुद्ध उभे करून बॉक्स-आउट, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला असे पाठीने अडवणे, चौकटी मोजत तपासला. चेंडू फेकणाऱ्याच्या हातातून सुटल्यावर मी मान वर करून चेंडूकडेच पाहत राहत होतो आणि तो अर्ध्या वाटेवर आल्यावरच माणूस शोधत होतो. आता क्रम उलटा केला आहे. फेक सुटताक्षणी आधी माणूस: पुढचा हात त्याच्या छातीशी केवळ स्पर्शापुरता, मग मागे वळून नितंब त्याच्या मांडीच्या वरच्या भागाला टेकवायचे आणि त्याच्यापेक्षा खाली बसायचे. उडी मारणाऱ्याला आधी गुडघे वाकवावे लागतात. ती जागा मी व्यापलेली असली तर त्याची उडी सुरूच होऊ शकत नाही. ताकद येथे कामी येते आणि घाईने आणावी लागत नाही, कारण सारे काम फेक हवेत असतानाच्या दीड सेकंदात होते. दहा मिनिटांच्या सरावानंतर तरुण सेंटर म्हणाला, "दादा, तुम्ही ढकलत नाही, पण मला पाय टाकायला जागाच उरत नाही." सरांनी हे वाक्य फळ्यावर लिहायला लावले.

चेंडू कुठे पडेल याचा अंदाजही शिकण्यासारखा आहे. कोपऱ्यातून घेतलेली फेक चुकली तर चेंडू बहुधा पलीकडच्या बाजूला जातो, आणि लांबून आलेला चेंडू लांब उसळतो. त्यामुळे तीन गुणांची फेक असेल तर मी रिंगखाली न जाता दोन पावले बाहेर थांबतो.

मात्र याची किंमत मोजावी लागते. मी माणूस अडवला आणि गार्ड चेंडू घ्यायला आत आलाच नाही, तर माझे सगळे श्रम वाया जातात. ही युक्ती एकट्या सेंटरची नसतेच, म्हणून तिन्ही गार्डांना या सरावात बोलावले आहे.

५ जुलै

उजव्या गुडघ्याला सूज. तीन दिवस उडी पूर्ण बंद, फक्त पोहणे आणि डाव्या हाताचे हुक. डंकनने कारकिर्दीच्या उत्तरार्धात वजन उतरवले आणि सामन्यामागे सुमारे ३० मिनिटांवर समाधान मानले. त्याच २०१२-१३ च्या हंगामात, वयाच्या ३७ व्या वर्षी, तो लीगच्या सर्वोत्तम पाचांत निवडला गेला. माझे वजन १०९ किलो आहे. ते १०४ वर आणायचे, असे आज लिहून ठेवतो.

१४ जुलै

पिक अँड रोलचा बचाव. या डावात उंच खेळाडू आपल्या गार्डच्या बचावपटूला अंगाने अडवतो (ही स्क्रीन) आणि मग रिंगकडे धावतो (हा रोल). वयाने मंदावलेल्या सेंटरला प्रत्येक संघ येथेच गाठतो, आणि ते योग्यच आहे.

सर सांगत होते की मी स्क्रीनच्या पातळीवर जाऊन गार्डला अडवावे. तीन दिवस तसे केले. पहिल्या दिशाबदलातच गार्ड माझ्या बाहेरच्या पावलापलीकडून निघून जात होता आणि मागे रिंग मोकळी राहत होती. मग लोपेझचा ड्रॉप पाहिला. तो स्क्रीनपासून दोन-तीन मीटर मागे, चेंडू आणि रिंग यांच्यामधल्या रेषेवर उभा असतो; एक हात खाली पासच्या वाटेत, दुसरा वर फेकीच्या वाटेत. गार्ड पुढे येतो तसा तो मागे सरकतो, आणि आपला सहकारी मागून पोहोचेपर्यंत ना चेंडूवर तुटून पडतो ना रोल करणाऱ्याला सोडतो. मधल्या अंतरावरची फेक तो जाणूनबुजून देतो. २०२२-२३ मध्ये, पस्तिशीच्या उंबरठ्यावर असताना, लीगमध्ये सर्वाधिक म्हणजे १९३ ब्लॉक (हवेत अडवलेल्या फेका) त्याचे होते आणि सर्वोत्तम बचावपटूच्या मतदानात तो दुसरा आला. हे ब्लॉक पाहताना लक्षात येते की बहुतेक वेळा तो फारसा हवेत जातच नाही. फेकणारा त्याच्या हातापर्यंत येतो.

नियमांचा फरक येथे महत्त्वाचा आहे. एनबीएमध्ये २००१-०२ पासून बचाव करणाऱ्याला, जवळ माणूस नसताना, पेंटमध्ये, म्हणजे रिंगसमोरच्या रंगवलेल्या चौकोनात, तीन सेकंदांहून अधिक थांबता येत नाही, त्यामुळे लोपेझला सतत एक पाय बाहेर टाकून परत यावे लागते. आम्ही फिबा या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनी खेळतो आणि त्यांत अशी मर्यादा नाही. मंद सेंटरला याहून मोठी सवलत दुसरी नसेल. गेल्या हंगामात मी तिचा पुरेसा उपयोग केला नाही याची खंत वाटते.

सरांशी शेवटी तडजोड झाली. मी स्क्रीनच्या एक पाऊल मागे उभा राहीन, पण स्क्रीन लागण्यापूर्वीच मागे सरकायला लागेन, आणि स्क्रीन कोणत्या बाजूने येत आहे हे गार्डला मोठ्याने सांगणे ही माझी जबाबदारी राहील. सेंटर सगळ्यांच्या मागे उभा असल्यामुळे संपूर्ण मैदान त्यालाच दिसते. "डावीकडून!" ही हाक अर्धा सेकंद आधी गेली तर गार्ड स्क्रीनवरून सुटून वेळेत परततो आणि माझ्या मंद पायांवरचा भार कमी होतो. मैदानावरून पाव सेकंद मिळवण्याची सर्वांत स्वस्त रीत तोंडाने बोलणे ही आहे.

गार्ड थांबून तीन गुणांची फेक घेणारा असेल तर हा बचाव उघडा पडतो. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तेवढी मिनिटे तरुण सेंटरने खेळावीत, असे मी स्वतःच सुचवले.

२८ जुलै

मैत्रीपूर्ण सामना, १८ मिनिटे. तिसऱ्या सत्रातच चार फाउल झाल्यामुळे बाहेर बसावे लागले, कारण पाचव्याला खेळाडूचा खेळ संपतो.

रात्री चारही फाउल चौकटीगणिक पाहिले. पंचांचे काहीही चुकले नव्हते. चारही वेळा माझे पाऊल उशिरा पडले आणि ते अंतर मी हाताने भरून काढायला गेलो. तिसरा फाउल विशेष शिकवणारा आहे. गार्ड उजवीकडून आत आला तेव्हा मी त्याच्या कमरेऐवजी चेंडूकडे पाहत होतो, त्याने चेंडू एकदा डावीकडे दाखवला, माझे वजन डाव्या पायावर गेले आणि परत येईपर्यंत तो उडाला होता. मग हात वरून खाली त्याच्या मनगटावर. सरळ वर उडालेल्या, हात सरळ ठेवलेल्या बचावपटूचा संपर्क नियमाने ग्राह्य असतो. तो अधिकार हात खाली आणताच मी गमावला. उडी कमी असलेल्याला ब्लॉकचा मोह सर्वांत महाग पडतो.

उपाय: तळहात छताकडे, अंगठे कानांच्या रेषेत, आणि फेक झाल्यावर मनात दोन मोजेपर्यंत हात खाली आणायचे नाहीत. तरुण सेंटरने माझ्या छातीवर रोज ३० वेळा येऊन आदळायचे, असा सराव ठरला.

९ ऑगस्ट

आज फक्त साबोनिस. १९८६ मध्ये एनबीएतल्या पोर्टलंड संघाने त्याची निवड केली, पण तो प्रत्यक्षात १९९५ मध्ये पोहोचला. मधल्या काळात टाचेमागची शीर फाटण्याची दुखापत झाल्यामुळे तरुणपणी संपूर्ण मैदान धावणारा हा २२१ सेंटीमीटरचा खेळाडू एनबीएत आला तो जड पावलांनी. तरीही पहिल्याच हंगामात त्याने सामन्यामागे २४ मिनिटांहूनही कमी वेळात १४.५ गुण आणि ८.१ रिबाउंड मिळवले.

तो चेंडू घेऊन फ्री-थ्रो रेषेजवळ उभा राहतो आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरतो. समोरच्या सेंटरला तिथपर्यंत यावेच लागते, रिंगखाली कोणी उरत नाही, आणि पाठीमागून धावणाऱ्या सहकाऱ्याला पास मिळतो. स्वतः पळायचे नसेल तर दुसऱ्याला पळवावे लागते. त्यासाठी सहकारी कापत, म्हणजे चेंडूविना रिंगकडे धावत, राहिले पाहिजेत. ते उभे राहिले तर उंच माणसाच्या हातातला चेंडू नुसता अडकून पडतो. आमच्या संघात दोघेच न सांगता कापतात.

स्क्रीनचेही असेच आहे. माझी पाठ गार्डला ज्या जागी जायचे आहे त्या दिशेला हवी. आजवर मी ती बाजूच्या रेषेकडे करत होतो. आणि रोल करताना स्वतः चेंडू मागण्याऐवजी मागे सरकणाऱ्या प्रतिस्पर्धी सेंटरलाच पाठीवर घेऊन गार्डची वाट मोकळी करायची, ही मार्सिन गोर्टाटच्या नावाने ओळखली जाणारी युक्ती माझ्यासारख्याला अगदी जुळणारी आहे. त्यात धावायचे चार पावले, उडायचे शून्य.

२१ ऑगस्ट

तीन गुणांची फेक. लोपेझने पहिल्या आठ हंगामांत मिळून ३१ प्रयत्नांत ३ फेका यशस्वी केल्या होत्या. नवव्या, २०१६-१७ च्या हंगामात ३८७ पैकी १३४. हॉरफर्डनेही हीच वाट धरली. सेंटर बाहेर उभा राहिला की प्रतिस्पर्ध्याचा उंच माणूस रिंगपासून दूर ओढला जातो, हा लाभ फेक न घेताही मिळतो.

परंतु मी ही गोष्ट अर्धीच स्वीकारतो. ६.७५ मीटरवरून चेंडू पोहोचवायला पायांतूनच जोर यावा लागतो. सरावाच्या शेवटी माझ्या फेका रिंगच्या पुढच्या कडेवर आपटतात. त्यामुळे फक्त समोरच्या जागेवरून, फक्त पाय आधीच जागेवर असताना, आणि पहिल्या अर्ध्यातच.

२ सप्टेंबर

वजन १०५. गुडघा शांत.

परत धावण्याचा प्रश्न आज एका नियमाने मिटवला. आमची फेक सुटते त्या क्षणी मी पेंटमध्ये असलो तर रिबाउंडला जायचे. बाहेर असलो तर चेंडूकडे न पाहता वळायचे आणि धावायचे. पूर्वी मी चेंडू रिंगला लागेपर्यंत ठरवतच नव्हतो, आणि तो एक सेकंद मला पायांनी कधीच भरून काढता येत नसे. हॉरफर्डला पाहताना हे सुचले. पहिली अंतिम मालिका खेळण्यापूर्वी त्याचे १४१ प्लेऑफ (साखळीनंतरच्या बाद फेरीचे) सामने झाले होते, आणि २०२४ मध्ये ३८ व्या वर्षी त्याने विजेतेपद मिळवले. त्या वसंतातही बचावात परतणाऱ्यांत तो वारंवार पुढे दिसतो, कारण तो इतरांच्या आधी निघालेला असतो.

१३ सप्टेंबर

दुसरा मैत्रीपूर्ण सामना, २१ मिनिटे, दोन फाउल, पाच रिबाउंड. अजून दोन वेळा थांबून फेकणाऱ्या गार्डने ड्रॉपवर तीन-तीन गुण मिळवले आणि ते थांबवता आले नाहीत.

चौथ्या सत्रातला एक प्रसंग नोंदवतो. त्यांच्या गार्डसाठी डावीकडून स्क्रीन येताना मला दिसली, मी हाक दिली आणि सरकायला सुरुवात केली. तो फ्री-थ्रो रेषेपर्यंत आला, त्याने एकदा फेकीची हूल दिली. माझे डोळे त्याच्या कमरेवर होते, कमर हलली नाही, म्हणून मीही हललो नाही. मग त्याने फेक घेतली. मी चेंडूकडे पाहिलेच नाही. वळलो, त्यांच्या सेंटरच्या मांडीला नितंब टेकवले आणि खाली बसलो. पाठीवर त्याचा श्वास जाणवत होता, तो दोनदा बाजूने निघायला गेला, दोन्ही वेळा माझे पाऊल आधी तिथे होते. चेंडू रिंगच्या मागच्या कडेवर लागून वर उडाला, आणि आमचा सर्वांत बुटका गार्ड धावत आत येऊन तो दोन्ही हातांत धरून बाहेर पडला. माझे पाय जमिनीवरून सुटलेच नव्हते.

सोमवारपासून डाव्या हाताच्या हुकचे ५० जास्त.